लॅपटॉप भरायचे दिवस

मृग जवळ आला की आमच्या घरी मी एक गोष्ट हमखास सांगायला घेतो, आणि ती सुरू झाली की माझी बायको कुकर लावायला उठते. मुलगी म्हणते, "बाबा, लायसनवाल्या भाऊंची ना? पाठ आहे मला." असेल पाठ. पण तिने सांगितली तर ती चुटकीसरशी संपेल, वर बरोबरही असेल. मला तसं जमत नाही. दवाखान्याच्या प्रशासन विभागात आयुष्य गेलेला माणूस मी. साधी पाण्याची बाटली मागवायची तरी आधी प्रस्तावना करतो.

त्यांना सगळे भाऊच म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, आणि त्या नावाने कोणी हाक मारली तर कोण आलं म्हणून ते स्वतःच मागे वळून बघत. बारीक अंगकाठी, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, पायात बाराही महिने रबरी चपला. सिंदेवाहीकडच्या खेड्यातला माणूस. चंद्रपुरात येऊन केस पिकले, पण बोली गावाकडचीच राहिली. दवाखान्यात त्यांचं काम काय, हे नव्या डॉक्टरांना समजावून सांगणं माझ्याकडे असे, आणि दर वेळी मी ते चुकीचं सांगत असे.

"हे आमचे कॉम्प्युटर बघतात," मी म्हणायचो.

"कॉम्प्युटर पाहाले दुसरा आहे," मागून भाऊंचा आवाज यायचा. "मी खुर्च्या पाहातो."

खुर्च्या म्हणजे परवाने. सगळा दवाखाना ज्यांना लायसन म्हणायचा ते. आमची संस्था म्हणजे चंद्रपुरातला मोठा दवाखाना आणि त्याची लहान केंद्रं: एक पोंभुर्ण्याला, एक वडशाला, काही आणखी आत, आणि सगळ्यांत शेवटचं एटापल्लीच्याही पुढे, जंगलात, नदीच्या पलीकडे. त्याला आम्ही नदीपल्याडच म्हणायचो. या सगळ्या ठिकाणच्या रुग्णांच्या नोंदी, तपासण्या, औषधं एका सॉफ्टवेअरमध्ये असत. ते सॉफ्टवेअर काही आमच्या मालकीचं नव्हतं. एका वेळी इतक्या माणसांनी वापरायची परवानगी तेवढी आमची. त्याहून एखादा जास्त बसायला गेला की पडद्यावर येई, जागा नाही. भाऊंचं म्हणणं सोपं होतं. "जितक्या खुर्च्या सांगून आणल्या, तितकेच बसतीन. आणि बसला त काम कराचं. नाई त उठाचं."

उठायचं, हे ते शब्दशः घेत. सॉफ्टवेअर उघडं ठेवून कोणी चहाला गेलं की ते त्याचं लॉगिन बंद करत आणि त्याची खरीखुरी, लाकडाची खुर्ची उचलून तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवत. परत आलेल्याने खुर्ची वळवायची, पुन्हा लॉगिन करायचं. ओरडणं नाही, बोलणं नाही. माझी खुर्ची दिवसातून किती वेळा भिंतीकडे जायची ते मी इथे सांगणार नाही. एकदा तर मी तिच्यात बसलेला असताना त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात घातला.

"अहो भाऊ, मी आहे ना!"

"हाव, दिसून राह्यले. पण तुमचा हात माउसवर दिसला नाई बराच वेळ."

मी पेपर वाचत होतो.

नोकरी सोडून जाणाऱ्याची खुर्चीही अशीच वळायची. दुपारी निरोपसमारंभ, संध्याकाळच्या आत नाव सॉफ्टवेअरमधून गेलेलं. 'गेलेल्या माणसाचे नाव ठेवू नये' हा नियम त्यांनीच केला होता, संचालक डॉक्टरांची सही घेऊन सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर लावला होता. त्यांचं कारण असं, की रिकाम्या नावावर उद्या दुसराच कोणी येऊन बसतो, आणि मग कोण बसलं होतं याचा पत्ता लागत नाही. आमच्या जुन्या मेट्रनबाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पेढे द्यायला आल्या. हात सवयीने की-बोर्डवर गेला, आणि दार बंद. त्या रडल्या. भाऊंनी स्वतः जाऊन त्यांच्यासाठी चहा आणला, त्या पिईपर्यंत शेजारी उभे राहिले. नाव मात्र परत टाकलं नाही.

जगात कोणी वाचत नाही ते भाऊ वाचत. कुठलंही सॉफ्टवेअर टाकताना अटींची ती लांबलचक पट्टी येते ना, जिच्या शेवटी 'मान्य' असं बटण असतं? तुम्ही-आम्ही थेट बटणावर जातो. भाऊ पहिल्या ओळीपासून सुरू करत, ओठ हलवत. इंग्रजी अडलं की शब्दकोश काढत. माझ्या मुलीला माझ्या फोनवर कसलासा खेळ हवा होता, म्हणून मी फोन त्यांच्या हातात दिला. जेवणाच्या सुट्टीत बसले ते घरी जायच्या वेळी उठले. फोन परत केला. खेळ नव्हता.

"काय झालं?"

"नाई जमत, बाबू. त्याहीले तुमचे फोटो पायजे, नंबर पायजे, तुम्ही कुठी जाता ते पायजे. मले मान्य नाई."

"अहो, फोन माझा आहे!"

"म्हणून त वापस देल्ला. माहा असता त फेकला असता."

मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. भाऊंशी बोलत होती.

माझ्या मेव्हणीच्या लग्नाला मी त्यांना पोंभुर्ण्याला बोलावलं. लग्न लागलं, पंगत बसली, तरी भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून उभेच. मी हाताला धरलं. त्यांनी खिशातून पत्रिका काढली आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"इथी सहकुटुंब लिवलं आहे, बाबू. मी एकटाच आलो. चालते का मंग?"

मला वाटलं थट्टा चालली आहे. चेहरा बघितला, तर नव्हती. त्यांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली होती, हे मला त्या दिवशी कळलं, तेही माझ्या बायकोकडून. माझ्या कचेरीतल्या माणसांची माहिती तिला माझ्यापेक्षा नेहमीच जास्त असते. तीच पुढे आली. "भाऊ, तुमच्या कुटुंबात आम्ही सगळे आलो ना. बसा." तेव्हा कुठे ते बसले. पानात कणभर टाकलं नाही.

एकदा सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून दोन माणसं तपासणीला आली. परवान्याबाहेर कुठे वापर होतो का, ते पाहायला. सगळं चोख निघालं. जाता जाता एकाने शिष्टाचार म्हणून विचारलं, "आणखी काही सांगण्यासारखं?"

"हाव," भाऊ म्हणाले. "मागच्या साली शिबिराच्या दिवशी एक डॉक्टर जास्तीचा बसला होता. दुसऱ्याच्या नावानं. दुपारभर."

संचालक डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"पण आमच्याकडे तसं दिसत नाही," तपासनीस म्हणाला.

"दिसन कसं? म्हणून त सांगून राह्यलो."

असा माणूस. आता त्याच्या लॅपटॉपांकडे येतो.

भाऊ या कामावर नवे होते तेव्हाची गोष्ट. नदीपल्याडच्या केंद्रात एक लॅपटॉप होता आणि एक सिस्टर, रैनीबाई. माडिया आदिवासी घरातली, गडचिरोलीला नर्सिंग शिकून आपल्याच मुलखात परत गेलेली. सॉफ्टवेअरची अट अशी होती, की प्रत्येक लॅपटॉपने अधूनमधून चंद्रपूरच्या सर्व्हरशी संपर्क करायचा, मी आहे, माझी खुर्ची धरून ठेवा, असं कळवायचं. बरेच दिवस कळवलं नाही की खुर्ची गेली. इकडे शहरात ठीक आहे. तिकडे पावसाळ्यात नदी चढते, रस्ता बुडतो, टॉवर बंद पडतो. कळवणार कसं? त्या पावसाळ्यात ऐन तापाच्या साथीत लॅपटॉपने 'परवाना संपला' अशी पाटी दाखवली आणि तो बसला. बाहेर ओट्यावर माणसं, आत पाटीसमोर रैनीबाई. कोणाला काय दिलं होतं, कोणाला काय सोसत नाही, सगळं त्या पाटीच्या मागे. नदी उतरल्यावर ती चंद्रपूरला आली आणि भाऊंच्या टेबलापुढे उभी राहिली. रागावली नाही. एवढंच विचारलं, "भाऊ, मले इथी जागा नाई का?"

हा प्रश्न भाऊंच्या घशाखाली कधी उतरला नाही. त्या दिवसापासून त्यांनी एकच धरलं: पावसाळ्यात नदीपल्याडचा लॅपटॉप बंद पडता कामा नये.

त्या भागात पाऊस लागायच्या आधी चार महिन्यांचा तांदूळ, मीठ, तेल घरात भरून ठेवतात. भाऊंनी अटी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचल्या आणि त्यांना त्यात एक उसनवारी सापडली. सर्व्हरवरची खुर्ची उचलून लॅपटॉपमध्येच ठेवता येत होती, आणि मग दिवाळीपर्यंत त्याने कोणालाही काही कळवायची गरज नव्हती. याला भाऊंनी नाव दिलं लॅपटॉप भरणं. मृगाच्या आधी सगळ्या केंद्रांचे लॅपटॉप चंद्रपूरला यायचे. आमचे ड्रायव्हर सलीमभाई ते खताच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून आणायचे. व्हरांड्यात चटई अंथरून भाऊ ते पंगतीसारखे ओळीने मांडत आणि ओल्या फडक्याने एकेक पुसत.

"पुसल्यानं लायसन जादा भरते काय, भाऊ?" सलीमभाई विचारायचे.

"तू लग्नाले जाताना गाडी धुत नाई काय?"

"ना भाऊ. मी ईदलेच धुतो."

"मंग त्या गाडीनं माहे लॅपटॉप आणत नको जाऊ."

प्रत्येक केंद्राच्या माणसाला ठरलेले प्रश्न. तांदूळ भरला? भरला. मीठ? भरलं. मंग हे घ्या. वडशाच्या सिस्टरच्या केंद्रापासून रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर, बाजार दाराशी, नेट बारमाही. तिला कसली बेगमी? पण तिचाही लॅपटॉप यायचा. तो आला नाही तर पंगत अपुरी दिसते, असं भाऊ म्हणायचे. सगळ्यांत शेवटी रैनीबाईचा. तो भरून होईपर्यंत ती चटईच्या कडेला बसून राही.

"भरला का, भाऊ?"

"भरला. आता दिवाळीपर्यंत कोणाले विचाराचं काम नाई."

ती तो छातीशी धरून गाडीत बसायची.

मग क्लाऊड आला. आमच्या भागात ढग आले की क्लाऊड जाईल, असा विनोद मी बैठकीत केला. तो इतिवृत्तात घेतला गेला नाही. नागपूरहून एक तरुण मॅडम या कामासाठी चंद्रपूरला राहायला आल्या. त्यांना खलनायिका करायचा मोह मला गोष्ट सांगताना दर वेळी होतो, पण त्या तशा नव्हत्या. भाऊंना काका म्हणायच्या, आणि समजावून सांगायला चटईवर मांडी घालून बसल्या. आता खुर्च्या इथल्या सर्व्हरवर राहणार नाहीत. सगळ्या क्लाऊडमध्ये जातील, माणसागणिक एक. कोण वापरतो, कोण नुसता अडवून बसला आहे, ते आपोआप दिसेल. भाऊंनी अटी मागून घेतल्या आणि आठवडाभर वाचल्या.

"बाकी मान्य," ते म्हणाले. "पण मॅडम, याच्यात उसनवारी नाई."

"नाही, काका. ठरावीक दिवसांनी नेट लागतंच."

"मंग नदीपल्याड कसं कराचं?"

मॅडमनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. उगाच उत्तर ठोकून दिलं नाही, हे त्यांचं मला आवडलं. शेवटी असं ठरलं, की बाकी सगळे क्लाऊडमध्ये जातील. जुना सर्व्हर आणि त्याच्यावरची एक खुर्ची रैनीबाईसाठी राहील. दवाखानाभरच्या खुर्च्या राखणारा माणूस एका खुर्चीचा राखणदार झाला. इतर केंद्रांचे लॅपटॉप यायचे थांबले. भाऊ चटई मात्र पूर्वीइतकीच मोठी अंथरत. तिच्या मधोमध तो एकटा लॅपटॉप. मी त्या बाजूने जायचं टाळायचो.

भाऊ निवृत्त झाले ते जूनच्या अखेरीस. रैनीबाईचा लॅपटॉप भरून नदीपल्याड पोचला होता. शाल झाली, नारळ झाला, माझं भाषण झालं. भाषण लांबल्यामुळे चहा गार झाला, हे अजूनही मला ऐकवलं जातं. मग मॅडम म्हणाल्या, "काका, जुन्या सर्व्हरवर तुमचं नाव राहू द्या ना दिवाळीपर्यंत. मी सावकाश समजून घेईन."

भाऊंनी भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं. "मेट्रनबाईचं काढलं, मॅडम. मंग माहं काऊन ठेवू?"

सगळ्यांच्या देखत बसले, स्वतःचं नाव काढलं, उठले, आपली खुर्ची भिंतीकडे वळवली आणि नारळ पिशवीत टाकून निघाले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

कोणाच्याच लक्षात आलं नाही ते असं. जुन्या सर्व्हरवर उसनी दिलेली खुर्ची देणाऱ्याच्या नावावर असायची. देणाऱ्याचं नाव गेलं की दिलेलं रद्द. अटींत हे लिहिलेलं होतं, आणि भाऊंनी ते वाचलेलंही असणार. पण आपण स्वतःच जाणार आहोत असं धरून कोण वाचतं?

लॅपटॉप नदीपल्याड होता, नेट नव्हतं, त्याला हे कळायचा मार्ग नव्हता. तसाच राहिला असता तर दिवाळीपर्यंत सुखाने चालला असता. पण त्या पावसाळ्यात मध्येच उघडीप पडली आणि तिकडचा टॉवर थोडा वेळ सुरू झाला. माणसं टेकडीवर चढून लेकीबाळींना फोन करत होती. लॅपटॉपनेही नेट मिळताच आपणहून आपला सर्व्हर गाठला, देणारा आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर तो बंद झाला. ज्या नेटसाठी आम्ही वर्षानुवर्षं अर्ज करत होतो ते आलं, आणि येऊन एवढं करून गेलं. पाऊस परत लागला. टॉवर पडला. नदी चढली.

निरोप आला तो लालसूकडून. लालसू नदीपल्याडचा, डोंगा चालवायचा. एका खोडाची कोरीव नाव ती. तो नदी ओलांडून अलीकडच्या रस्त्यावर आला, कोणाचा तरी फोन घेतला आणि सलीमभाईंना म्हणाला, "सिस्टर म्हणते, डब्बा बंद झाला. भाऊले सांगा." पलीकडून एवढंच बोलणं, मग फोन ठेवलेला.

सलीमभाई भाऊंना त्यांच्या खोलीवरून घेऊन आले. मॅडम वाटच पाहत होत्या. "काका, तुमचं नाव मी परत टाकते. तुम्ही नवी खुर्ची द्या, फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. ती तिकडे नेऊन घातली की लॅपटॉप उघडेल. उसनी खुर्ची द्यायचा अधिकार त्या सर्व्हरवर तुमच्याच नावाला आहे, दुसरा मार्ग नाही."

भाऊंची खुर्ची भिंतीकडे तोंड करून तशीच होती. ती त्यांनी वळवली नाही, उभ्यानेच टेबलावर वाकले. नाव टाकल्याबरोबर अटींची पट्टी आली. तिच्या पहिल्याच ओळीत होतं, की ही व्यक्ती संस्थेच्या सेवेत आहे. मी मनात म्हटलं, झालं, आता यांचे ओठ हलणार. भाऊंनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट खाली जाऊन बटण दाबलं. मान्य.

पुढचं मी सलीमभाईंकडून ऐकलं, कारण मी कचेरीत होतो. धाडसाचे प्रसंग आले की मी कचेरीतच असतो.

आलापल्लीपर्यंत रस्ता बरा होता. पुढे गाडी जिथवर गेली तिथवर नेली, मग चालत. सलीमभाईंनी खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, प्लास्टिकची पन्नी रिकामी केली, पेन ड्राइव्ह तिच्यात गुंडाळून घट्ट गाठ मारली. काठावर लालसू डोंगा धरून उभा होता. सलीमभाईंना पोहता येत नाही, तरी ते बसले. पाणी मातकट, वेगाचं, त्यात झाडाच्या फांद्या वाहत होत्या. मधोमध आल्यावर भाऊंनी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "घरी बरं आहे ना, लालसू?"

"मैनी बिमार आहे. सिस्टरजवळ ठेवली."

मैनी त्याची बायको. तिला सिकलसेल होता, रक्ताचा तो आजार, जो त्या भागात घरोघरी दिसतो.

"कवापासून?"

"डब्बा बंद झाला, तवापासून."

आणि तो वल्हं मारत राहिला.

लॅपटॉप उघडला. रैनीबाईने सगळ्यात आधी मैनीचं पान काढलं. सगळं होतं, पोरवयापासूनचं. कोणतं औषध तिला चालत नाही, याआधी असंच झालं तेव्हा काय केलं होतं, रक्त कधी चढवलं होतं. ते वाचून आता काय करायला हवं तेही समजलं: रक्त चढवायला हवं, थांबून चालणार नाही. रक्त नदीच्या अलीकडे. तिला डोंग्यातून न्यायचं ठरलं, खाट बांधली, आणि काठावर येऊन पाहतात तर पाणी आणखी वर आलेलं. लालसू स्वतः म्हणाला, आता डोंगा टिकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मैनी गेली.

रैनीबाई म्हणाली, "भाऊ, डब्बा चालू असता तरी रक्त मी कुठून आणलं असतं? तुमचं काही नाई त्याच्यात."

"चालू असता, त पाणी चढाच्या आधी समजलं असतं, बाई."

सलीमभाई सांगतात, पाणी उतरल्यावर लालसूनेच त्यांना परत अलीकडे आणलं. अलीकडच्या काठाला चिखल होता, म्हणून त्याने भाऊंना हात धरून उतरवलं.

त्यानंतर दर सोमवारी भाऊ दवाखान्याच्या फाटकापाशी येऊन उभे राहू लागले. बाहेर, चहाच्या टपरीजवळ. आत यायचे नाहीत. मॅडम गाडीतून उतरल्या की विचारायचे, "माहं नाव काढलं का, मॅडम?"

"काढते, काका."

काढता येत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. रैनीबाईची खुर्ची त्या नावावर उभी होती. नाव काढलं की पलीकडे पुन्हा पाटी. तरी ते विचारायचे. मला एकदा म्हणाले, "नाव अंदर, माणूस बाहीर. असं राहू नाई, बाबू." मी त्यांना चहा दिला. माझ्यासारख्या बोलक्या माणसाला तेवढंच सुचलं.

दिवाळीला नदी उतरली. रैनीबाई लॅपटॉप घेऊन आली, खुर्ची सर्व्हरवर परत जमा झाली. त्या सोमवारी मॅडम स्वतः चालत फाटकापर्यंत गेल्या.

"काढलं, काका."

"बरं झालं."

"आता तरी आत या. चहा घेऊ."

"अंदर माही खुर्ची कुठी आहे आता?"

"आहे ना, भाऊ," मी घाईने म्हणालो. "कोणाला दिली नाही. तशीच आहे."

"भितीकडे?"

मी मान हलवली.

"मंग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि रबरी चपला ओढत बस स्टँडच्या दिशेने गेले.

त्या थंडीत भाऊ वारले. घरमालकाने कळवलं. सकाळी दार उघडलं नाही म्हणून त्याने ढकललं, तर हे अंथरुणात, पांघरूण नीट ओढून घेतलेलं. सलीमभाई, मी आणि माझी बायको गेलो. खोलीत होतं ते सांगण्यासारखं नाही. एका माणसापुरती भांडी, तो शब्दकोश. खिडकीतल्या दोरीवर एक फडकं वाळत घातलेलं होतं. आम्हाला तिघांनाही ते ओळखता आलं. बायकोने ते घडी करून पदरात घेतलं.

पुढल्या उन्हाळ्यात जुना सर्व्हर बंद झाला. नदीपल्याड आता आकाशातून नेट घेणारी थाळी बसली आहे. पावसात कुरकुरते, पण चालते. रैनीबाईची खुर्चीही क्लाऊडमध्ये गेली. भरायचं असं काही राहिलं नाही.

मृगाच्या आधी एका सकाळी मी कामावर आलो, तर व्हरांड्यात चटई अंथरलेली. तिच्यावर ओळीने लॅपटॉप. पोंभुर्णा होतं, वडसा होतं, आतली सगळी केंद्रं होती. बाजूला खताची पोती घडी करून ठेवलेली. सलीमभाई खांबाला टेकून, माझ्याकडे न बघता, खर्रा घोटत उभे.

"हे कोणी मागवले?"

"कोणी नाई, साहेब. त्याहीनं देल्ले, मी घेऊन आलो." मग म्हणाले, "गाडी धुऊन आणले."

मॅडम आल्या. त्यांनी पाहिलं, पर्स भिंतीपाशी ठेवली आणि चटईच्या कडेला बसल्या. मी घरी फोन केला. बायको रिक्षाने ते फडकं घेऊन आली. ते आमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या वरच्या फळीवर असतं. तिने ते भिजवून पिळून माझ्या हातात दिलं आणि तिथे थांबली नाही, कुकर लावायचाय म्हणाली.

माझी मांडी पोटामुळे धड बसत नाही. कसाबसा बसलो आणि एकेक लॅपटॉप पुसायला घेतला. कोणी हसलं नाही, आणि हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. शेवटचा रैनीबाईचा. ती स्वतः आली होती. तो पुसून मी तिच्या हातात दिला.

"तांदूळ भरला?"

"भरला."

"मीठ?"

"भरलं."

ती उठेना. माझ्याकडे बघत राहिली. त्या लॅपटॉपमध्ये आता काही भरत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"भरला का, भाऊ?"

कचेरीत मी साहेब असतो, नाही तर बाबू. भाऊ मला तिथे कोणी म्हटलं नव्हतं.

"भरला," मी म्हणालो.

तिने तो छातीशी धरला आणि ती गाडीकडे गेली.